हाय म्हणजे हो नव्हे

नमस्कार. पुढच्या सेमिस्टरला जे जपानला निघालेत त्यांच्याशी दोन शब्द बोल असं मला सांगितलंय. व्हिसा, स्कॉलरशिप, तिकीट हे तुम्हाला ऑफिसात सांगतील, त्यात मी पडत नाही. मी एका शब्दाबद्दल बोलणारे. हाय. जपानी हाय, पुस्तकात ज्याचा अर्थ 'हो' असा देतात.

मी इथे पुण्यात जपानी शिकले, तीन वर्षं, संध्याकाळच्या बॅचला. आणि खरं सांगू का, आपल्याला ती भाषा सुरुवातीला फारच माहेरची वाटते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. 'ओकायामा कारा' म्हणजे ओकायामाहून, 'ओकायामा मादे' म्हणजे ओकायामापर्यंत, सगळं शब्दाच्या मागे चिकटतं. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का', इकिमास का, जाणार का! आणि लाडात आलं की 'ने', आपलं 'ना'. इंग्रजीतून शिकणारे बिचारे इथेच अडखळतात, आपण पळत सुटतो. जेएलपीटी म्हणून जपानी भाषेची परीक्षा असते, तिची एन-थ्री ही मधली पातळी मी पास झाले आणि मला वाटलं, झालं, आली भाषा.

आता गंमत बघा. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत ही जी जेएलपीटी आहे ना, तिच्यात बोलायची परीक्षाच नाहीये. लिहायचीही नाही. वाचा, ऐका, चारपैकी एक गोल काळा करा. म्हणजे तीन वर्षं मी गोल काळे करायला शिकले होते, आणि दुकानातला माणूस चार पर्याय देत नाही हो.

मी गेले ओकायामाला, जपानातल्या त्या शहरात. सिंहगड रोडची आपली ओकायामा बाग, पु. ल. देशपांडे उद्यान, ती तिथल्या कोराकुएन बागेवरून केलीय. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली, शेजारी नदी आणि पलीकडे काळाकुट्ट किल्ला, त्याला तिथे कावळ्यांचा किल्ला म्हणतात. असो, बागेवर बोलायला लागले तर तासभर जाईल.

पहिल्याच दिवशी कोन्बिनीत गेले, म्हणजे ते चोवीस तास उघडं असणारं दुकान. काउंटरवरच्या मुलीने भरभर काहीतरी विचारलं, त्यातलं मला फक्त 'का' ऐकू आलं. आपलंच ते का. मी म्हटलं हाय. तिने माझा थंड खायचा नूडल्सचा डबा मायक्रोवेव्हमध्ये टाकला. मग अजून काहीतरी विचारलं, मी म्हटलं दाइजोऽबु देस, म्हणजे ठीके, चालेल. ती पिशवीबद्दल विचारत होती आणि तिथे दाइजोऽबु म्हणजे 'नको, राहू दे'. तर मी गरम डबा, सूप आणि दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, छातीशी धरून हॉस्टेलपर्यंत चालत गेले, बोटं भाजत.

हे हसण्यावारी गेलं. वॉर्ड ऑफिसमधलं नाही गेलं. राहायला जागा मिळाली की चौदा दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याच खेपेला हेल्थ इन्शुरन्सही होतो. टेबलापलीकडचे काका अगदी शांतपणे, एकेका कागदावर बोट ठेवून पंधरा मिनिटं समजावत होते आणि मी दर वाक्याला हाय, हाय. दोन महिन्यांनी दम देणारं पत्र आलं, तेव्हा कळलं की घरी येणारी ती रंगीत पाकिटं जाहिराती नव्हती, हप्ते होते, कोन्बिनीत भरायचे. काकांनी नक्कीच सांगितलं असणार. त्यांचा काही दोष नाही, मी हो म्हणाले होते ना.

पण मी खरंच 'हो' म्हणाले होते का? तिथे समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये हाय, ए ए, म्हणत राहायचं असतं, त्याला आइझुची म्हणतात. आजी गोष्ट सांगताना आपण हुंकार देतो ना, तसंच, नाही दिला तर आजी थांबते, झोपलीस का म्हणून विचारते. हाय म्हणजे हुंकार. ऐकतेय, एवढंच. मी हुंकाराच्या आड लपत होते, कारण 'कळलं नाही' म्हणायची लाज वाटायची, तीन वर्षं शिकलेली बाई ना मी.

ते सुटलं कसं, तर आमच्या हॉस्टेलच्या केअरटेकर आजींमुळे. पावसाळा होता, माझे कपडे बाहेर वाळत होते, आणि आजी जिन्याखालून ओरडल्या, "हायो शिनेऽ!" आता क्लासमध्ये काय शिकलो? हायाकू म्हणजे लवकर. शिनु म्हणजे मरणं, शिने म्हणजे मर. लवकर मर! आणि मी काय म्हणाले असेन? हाय!

खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. कपडे भिजले ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सेमिनारमधल्या मुलीला विचारलं तर ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी. ओकायामाच्या बोलीत त्याचा अर्थ 'लवकर कर की गं'. शिनासाइचं झालं शिनेऽ. बाहेरून आलेला प्रत्येकजण तिथे एकदा दचकतो म्हणे. खूप म्हणायचं तर पुस्तकातलं तोतेमो तिथे कोण म्हणतंय, बोक्केऽ नाहीतर देऽरेऽ. पुण्याचं मराठी शिकून एखादा थेट मालवणात उतरला तर त्याचं काय होईल, तेच माझं.

त्या दिवसापासून मी एक वाक्य धरलं, "मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास," परत एकदा सांगा प्लीज. पहिले काही दिवस जीभ उचलायची नाही. पण आजी चिडल्या नाहीत हो, उलट दुसऱ्यांदा हळू बोलायच्या, तिसऱ्यांदा हातवारे करायच्या, चौथ्यांदा कागदावर लिहायच्या, आणि ते कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, मला वाचता यायचे नाहीत. मग दोघी हसायचो. पेपरात रोज दिसणारे नेहमीचे कांजीच २१३६ आहेत, एका सेमिस्टरमध्ये काय होणार.

निघायच्या सकाळी आजी खाली आल्या आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. मला अर्धं कळलं. मी म्हटलं, मोऽ इचिदो. त्यांनी परत सांगितलं, पाऊण कळलं. मी परत तोंड उघडणार तेवढ्यात कोपऱ्यावर बस दिसली, आजींनी माझी बॅग माझ्या हातात कोंबली आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हायो शिनेऽ!"

मी "हाय!" म्हणून पळाले.