बाई चालेल, पण रात्रीच्या बातम्यांना नको!

20 जून 1960. ब्रिटनमध्ये घराघरात बीबीसी लागलंय, बातम्यांची वेळ झालीये आणि पडद्यावर नेहमीचा सूटबूटवाला पुरुष नाहीये, चक्क एक बाई बसलीये. नॅन विंटन तिचं नाव. बीबीसी टीव्हीच्या देशभर दिसणाऱ्या बातम्या वाचणारी पहिली बाई.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण तेव्हाचं बीबीसी म्हणजे भयंकर सोवळ्यातलं प्रकरण होतं हो. 1955 पर्यंत तर बातम्या वाचणाऱ्या पुरुषाचाही चेहरा दाखवायचे नाहीत, नुसता आवाज आणि पडद्यावर फोटो नाहीतर पाट्या, का तर म्हणे चेहरा दिसला की लोकांचं बातमीवरचं लक्ष उडेल. मग आयटीएन, म्हणजे आयटीव्ही या खासगी वाहिनीच्या बातम्या करणारी नवी स्पर्धक मंडळी येणार म्हटल्यावर यांचे चेहरे दिसायला लागले. आणि आयटीएनने तर आल्या आल्या, 1955 मध्येच, बार्बरा मँडेलला बातम्या वाचायला बसवलं. पण दुपारच्या बरं का. ही वेळेची भानगड लक्षात ठेवा.

नॅनचं खरं नाव नॅन्सी विगिंटन, जन्म 1925 चा, पोर्ट्समथचा. चेहरा बरा दिसतो म्हणून कुणी उचलून आणून खुर्चीत बसवलेली ही बाई नव्हती. 'पॅनोरमा'सारख्या चालू घडामोडींच्या वजनदार कार्यक्रमात तिने काम केलं होतं, 'टाउन अँड अराउंड' या स्थानिक बातम्यांच्या कार्यक्रमात केलं होतं, म्हणजे बातमी कशाशी खातात हे तिला नीट माहीत होतं. टीव्ही बातम्यांचा प्रमुख तेव्हा स्टुअर्ट हूड होता, त्याने ठरवलं की बघू तरी बाईला बसवून. संध्याकाळच्या बातम्या दिल्या आणि रविवारी रात्रीचं उशिराचं बुलेटिनही दिलं.

आणि घोडं अडलं ते या रात्रीच्या बुलेटिनवर. बीबीसीचा प्रेक्षकांची मतं गोळा करणारा वेगळा विभागच होता, त्यांनी लोकांना विचारलं आणि निष्कर्ष काढला की रात्रीच्या बातम्या बाईने वाचणं लोकांना मान्य नाही. उच्चार चुकले, अडखळली, असलं काही नाही, मुद्दा फक्त बाई असण्याचा. दिवसभराच्या गंभीर घडामोडी झोपायच्या आधी सांगायच्या तर आवाज पुरुषाचाच हवा. मला यातली खरी गंमत वाटते ती ही की एवढ्या मोठ्या संस्थेने हे मत मान्यच करून टाकलं, लोकांना थोडी सवय होऊ दे म्हणून थांबली नाही. 1961 मध्ये नॅनला खुर्चीवरून उठवलं. वर्षही झालं नव्हतं.

पुढची बाई कधी बसली माहितीये? म्हणजे रोजच्या रोज, नियमित? 1975 मध्ये, अँजेला रिपन. मधे जवळजवळ 14 वर्षं गेली.

आणि या मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं बघा. 1965 मध्ये दिल्लीत दूरदर्शनचं रोजचं बातमीपत्र सुरू झालं, पाच मिनिटांचं, आणि ते वाचायला होत्या प्रतिमा पुरी. 1972 मध्ये मुंबई केंद्र सुरू झालं आणि लवकरच तिथे मराठी बातम्या वाचायला एक कॉलेजातली मुलगी यायला लागली, स्मिता पाटील. ती म्हणे जीन्सवरच साडी गुंडाळायची, कारण कॅमेऱ्यात कमरेच्या खालचं दिसतंय कुणाला! हे सगळं अँजेलाबाई बीबीसीत स्थिरस्थावर व्हायच्या आधीचं.

कमरेवरून आठवलं, 1976 च्या ख्रिसमसला मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीच्या कार्यक्रमात अँजेला रिपन बातम्यांच्या टेबलामागून उठून थेट नाचायलाच लागली, आणि बातम्या वाचणाऱ्या बाईला पायही असतात म्हणून अख्खं ब्रिटन खूश! जिथे एका बाईचा रात्रीचा आवाज खपला नव्हता, तिथे 15-16 वर्षांत हे.

नॅन तेव्हा पन्नाशीत होती. 2019 च्या मे महिन्यात ती गेली, 93 वर्षांची होऊन. सगळ्या मृत्युलेखांची सुरुवात मात्र त्या काही महिन्यांपासूनच झाली, ज्या कामावरून तिला उठवलं होतं त्याच कामापासून.