पन्नास पैशांची पिशवी

(पहाटेचे पाच. पुण्यातल्या एका पेठेतलं किराणा दुकान. शटर अर्धं वर. दुधाचा टेम्पो येऊन थांबतो.)

निवेदन :

ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, पुढे अजून बरीच दुकानं करायची आहेत. भरलेले क्रेट उतरतात, कालचे रिकामे वर चढतात. मोजणी होते, चलनावर सही होते, आणि टेम्पो गल्लीच्या टोकाला पोचतोसुद्धा.

तो रिकामा क्रेट जरा बघून ठेवा. तोही प्लास्टिकचाच आहे. पण ओढ्याच्या काठाला, झाडाला अडकलेल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या दिसतात, क्रेट दिसत नाही.

(दुकानाचा अंतर्भाग. छताची कडी.)

हे दुकान आता काका चालवतात, टाकलं त्यांच्या वडिलांनी. छताला अजून ती कडी आहे, जिच्यातून दोऱ्याचा रीळ लोंबायचा. वर्तमानपत्राचा कागद हातावर फिरवला की पुडी तयार. तीत पावशेर साखर घालायची, वरून दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, आणि दोरा बोटाला गुंडाळून हिसक्यानं तोडायचा. काकांना ते आजही जमतं. कॅमेऱ्यासमोर त्यांनी तीन पुड्या बांधल्या, एकही सुटली नाही. मात्र पावसाळ्यात ओल धरून त्याच साखरेचा गोळा व्हायचा, हेही त्यांनीच सांगितलं. जुनं ते सगळं सोनं, असा त्यांचा मुळीच दावा नाही.

प्लास्टिक आलं आणि ही कटकट मिटली. मग 26 जुलै 2005 उजाडला. मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि तुंबलेल्या गटारांमधल्या पिशव्यांकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. पुढच्याच वर्षी 50 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, पातळ पिशव्यांना महाराष्ट्रात मनाई झाली. पिशव्या काही थांबल्या नाहीत.

23 मार्च 2018 ला राज्यानं हँडलच्या आणि बिनहँडलच्या, सगळ्याच प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली. 23 जूनपासून दंड सुरू झाला : पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. आठवडाभरातच किराणा मालाच्या पॅकिंगला सवलत देण्याची घोषणा झाली. डाळ-तांदूळ बांधून द्यायचे तरी कशात, हा दुकानदारांचा सवाल काही चुकीचा नव्हता.

दुधाच्या पिशवीला मात्र सुरुवातीपासूनच वेगळा न्याय होता. ती जाड असावी, आणि रिकामी झाल्यावर परत घेण्याची किंमत तिच्यावर छापलेली असावी. किंमत किमान 50 पैसे.

हिशेब करून बघू. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी भरते साधारण अडीच ग्रॅम. म्हणजे किलोला चारशे पिशव्या, आणि 50 पैशांनी त्यांचे झाले 200 रुपये. भंगारात त्या किलोला याच्या कितीतरी कमी मिळतात. कागदावर योजना भक्कम होती.

(पहाटेचं दृश्य पुन्हा. चलनाचा कागद जवळून.)

पण ते 50 पैसे गिऱ्हाइकाला देणार कोण? काका, गल्ल्यातून. काकांना कोण देणार? वितरक. आणि वितरकाला डेअरी. ही साखळी रोज पहाटे याच टेम्पोतून फिरते, तरीही काकांनी एकदा पिशव्यांचं गाठोडं पुढे केलं तेव्हा ड्रायव्हर नुसता हसला. त्याच्या चलनावर रिकाम्या क्रेटचा रकाना आहे. रिकाम्या पिशव्यांचा नाही.

आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. लोकांना सवय नाही, लोकांना शिस्त नाही, हे आपण फार पटकन म्हणतो. मुंबईतल्या जुन्या माणसांना विचारा. 1949 साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली, आणि पुढे कित्येक वर्षं आरेचं दूध काचेच्या बाटलीतून मिळायचं. पहाटे केंद्रावर रांग लागायची. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात धुतलेली रिकामी बाटली. लोक तेच होते. बाटली परत घ्यायला खिडकी होती, आणि तिथून न्यायला गाडी.

(दुकानाचा कोपरा. खिळ्याला टांगलेली गोणी.)

चलनात रकाना नाही म्हटल्यावर काकांनी आपल्यापुरती सोय केली. गिऱ्हाइकांना सांगितलं : पिशव्या धुऊन, वाळवून आणा आणि या गोणीत टाका. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तेवढासा तुकडा वेगळा पडला की तो कुणाच्याच हाती लागत नाही. डबा घेऊन येणाऱ्याला सुटी डाळ मिळते. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, मग डाळ. गर्दीच्या वेळी मागचे लोक कुरकुरतात. काकाही वैतागतात, पण शून्य करायला विसरत नाहीत.

ही गोणी न्यायला कचरावेचक ताई येतात. पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं 1993 पासून कचरावेचकांना संघटित केलं, आणि त्यातूनच 2008 साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ताईंचे हात गोणीत भराभर चालतात. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, पॉलिथिनची. वितळवून तिचे पुन्हा दाणे होतात, म्हणून तिला भाव आहे. ओली पिशवी त्या बाजूला झटकतात, कारण कुबट माल भंगारवाला पाडून मागतो.

तळाशी वेफर्सची पाकिटं निघतात. बाहेरून प्लास्टिक, आतून चंदेरी धातूचा लेप, सगळं एकमेकांना असं चिकटलेलं की सुटं करणं कुणालाच परवडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. 2016 पासूनच केंद्राच्या नियमांनी अशा वेष्टणांची जबाबदारीही उत्पादकांवर ठरवून दिली आहे. या गल्लीत मात्र ती उचलतात ताई. त्यांना या पाकिटांचे पैसे मिळत नाहीत. वेगळ्या पिशवीत भरून त्या ती ढकलगाडीच्या दांडीला बांधतात.

गाडी वळणावर दिसेनाशी होते. काका स्टुलावर चढतात आणि दोऱ्याच्या रिळाच्या त्या कडीला पाच रुपयेवाल्या वेफर्सची नवी लडी अडकवतात.