तार आणि फ्रेटमधलं अंतर

नमस्कार. टेबलावर ठेवलेली ही गिटार आठवीतल्या एका मुलीची आहे. तिचे वडील ती माझ्याकडे घेऊन आले होते, पण दुरुस्तीला नव्हे. कुणी घेत असेल तर विकून टाका, असं त्यांचं म्हणणं. ‘दीड वर्ष क्लास लावला, पण एफ कॉर्ड काही वाजत नाही. हिच्या बोटांत जोरच नाही.’ कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, आणि एफ कॉर्डला एकाच बोटानं सगळ्या तारा दाबाव्या लागतात. मुलगी शेजारीच मान खाली घालून उभी होती.

मी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, कॅपो लावला (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), गिटार तिच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘बाळा, तोच आकार आता कॅपोच्या पुढं धर.’ तिनं धरला. सहाच्या सहा तारा स्वच्छ वाजल्या. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

कॅपो लावल्यावर कॉर्ड सहज वाजते आणि काढला की वाजत नाही, तेव्हा दोष बोटांचा नसतो, नटचा असतो. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची ती आडवी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. स्वस्त गिटारमध्ये या खाचा बहुतेक वेळा उथळच ठेवलेल्या असतात, कारण प्रत्येक खाच मोजून कानसायला वेळ जातो. खाच उथळ म्हणजे तार उंच. उंच तार पहिल्या फ्रेटवर दाबायला जोर जास्त लागतो, आणि दाबताना ती जास्त ताणली गेल्यानं स्वरही चढतो. म्हणजे मुलाची बोटंही दुखतात आणि वर ‘तुला कान नाही’ हेही त्याला ऐकून घ्यावं लागतं. वर्ष-दोन वर्षांत गिटार कपाटावर जाते. मला याचा राग येतो. अशा किती गिटारी आपल्या घरांत कपाटावर पडून असतील, आणि किती मुलं आपल्याला संगीत येत नाही असं समजून मोठी झाली असतील!

नट तपासायला काहीही लागत नाही. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेटमध्ये अगदी केसाएवढी फट हवी. पोस्टकार्ड सहज सरकत असेल तर खाच उथळ आहे. खाच मात्र त्या त्या तारेच्या जाडीच्या कानशीनंच आणि थोडी थोडी खोल करायची. एकदा जास्त उतरली की तार फ्रेटला घासून खर्र वाजते. मग हाडाची भुकटी आणि गोंद भरून पुन्हा सुरुवात, नाहीतर नवा नट.

आता दुसरं टोक, सॅडल. ब्रिज म्हणजे पुढच्या फळीवर चिकटवलेला, तारांची खालची टोकं धरणारा लाकडी तुकडा. त्यात बसवलेली ही पांढरी पट्टी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २.५ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी अंतर असलं की हात मोकळा चालतो. या गिटारमध्ये ते ४ मिमी होतं. लक्षात ठेवा, बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथं तार १ मिमी खाली आणायची तर सॅडलमधून २ मिमी काढावं लागतं. काढायचं खालच्या बाजूनं, सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, सॅडल अगदी उभं धरून. तळ जरा जरी तिरका झाला तरी तारेची थरथर लाकडापर्यंत नीट पोचत नाही.

आणि ट्रस रॉड? मानेच्या आतली ही लोखंडी सळई १९२०च्या दशकात गिब्सन कंपनीनं आणली. तिचं काम एकच, मानेचा बाक सांभाळणं. तार उंच झाली म्हणून ती आवळायची नसते. मी शिकत होतो तेव्हा मित्राच्या गिटारवर नेमकं हेच केलं. तार खाली येईना म्हणून आवळत गेलो. कट्ट असा आवाज झाला आणि आतली सळई तुटली. ती गिटार त्याला त्याच्या आजोबांनी घेऊन दिली होती. तेव्हापासून मी आधी बाक मोजतो. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्याच्या आसपास फिलर गेजनं फट बघायची. गॅरेजवाले वापरतात तेच पात्यांचं गेज. ०.२ ते ०.२५ मिमी असेल तर रॉडला हात लावत नाही. लावलाच तर एका वेळी पाव फेरा.

हे सगळं ताणामुळं होतं. साध्या १२ नंबरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची असलेल्या, स्टीलच्या संचाची ओढ ७० किलोच्या वर असते. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या ब्रिजला लटकलेला आहे असं समजा. आणि त्याला पेलणारी तबली, म्हणजे पुढची फळी, जेमतेम ३ मिमी जाड. ती टिकते आतल्या फुलीसारख्या पट्ट्यांमुळं. या फुलीच्या रचनेशी जोडलं जातं गिटार बनवणारे सी. एफ. मार्टिन यांचं नाव. हे जर्मनीतून अमेरिकेत जाऊन १८३३ मध्ये स्थायिक झाले. त्या काळी तारा आतड्याच्या असत. स्टीलचा ताण नंतर आला आणि फुलीनं तोही पेलला.

पण आपल्याकडचा पाऊस तिला जड जातो. लाकूड फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं, लांबीत जवळजवळ नाही. जुलैत रत्नागिरीला ठेवलेली गिटार बघा. तबलीला ब्रिजच्या मागं पोट येतं आणि तारा वर चढतात. तीच गिटार मे महिन्यात नागपूरला न्या. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं मानेबाहेर येऊन बोटाला टोचतात आणि तबलीला रेषेच्या दिशेनं तडा जाऊ शकतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. तेवढं नेमकं साधणं आपल्या घरात अवघड, पण ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कूलरच्या झोतात ठेवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. तिथं गोंद मऊ पडतो आणि ब्रिज उचलला जातो.

उचललेला ब्रिज ओळखायला ब्रिजच्या मागच्या कडेला कागदाची पट्टी सरकवून बघा. आत गेली तर तारा लगेच सैल करा. फटीत झटपट चिकटणारा गोंद ओतू नका, हे मी हात जोडून सांगतो. तो आत दगडासारखा बसतो आणि पुढच्या माणसाचं काम तिप्पट करतो. ब्रिज गरम करायचा आणि पातळ पातं लाकडाच्या रेषांच्या कलानं सरकवायचं. घाईनं उलटं सरकवलं तर तबलीचे तंतू पातळ ढलप्यांसारखे ब्रिजबरोबर निघून येतात. पुष्कळदा ब्रिज सुटल्यावर खाली चकचकीत पॉलिश दिसतं. म्हणजे ब्रिज लाकडाला नाही, पॉलिशला चिकटवला होता. ते खरवडून कोरं लाकूड मोकळं करायचं, लाकडाचा गोंद पातळ लावायचा, साउंडहोलमधून शिकंजे घालायचे आणि २४ तास हात लावायचा नाही.

तो ब्रिज किंवा मागची फळी बऱ्याच चांगल्या गिटारींत शिसवीची असते. ब्राझीलमधल्या शिसवीचे ओंडके मिळेनासे झाल्यावर १९६९च्या सुमारास मार्टिन कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. आपल्या आज्यांच्या घरच्या पलंगाचं लाकूड जगभरच्या गिटारींत गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गिटारचं काम मी इथं शिकलो, पण डोळे उघडले मिरजेला. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर घोडीवर, म्हणजे त्या वाद्यांच्या ब्रिजवर, जवारी लावताना, म्हणजे तिचा माथा घासून झणत्कार जुळवताना, एक हात कानशीवर आणि एक तारेवर ठेवतो. घासतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तंबोऱ्याची तार रुंद, किंचित गोलाईच्या पृष्ठभागाला हलकं चाटत जाते आणि तिथून तो झणत्कार येतो. गिटारमध्ये तारेनं असं चाटणं हा दोष, म्हणून सॅडलला माथा निमुळता देतात आणि तार एकाच नेमक्या जागी सुटते. खर्र आवाज करणारी गिटार आली की मी पहिल्यांदा तेच बघतो, तार कुठं चाटतेय.

आता बदलांविषयी. प्लॅस्टिकचं सॅडल काढून हाडाचं बसवा, खर्च थोडा आणि फरक कानाला कळतो. लहान मुलांना १० नंबरच्या तारा लावा, ओढ ६० किलोच्या आसपास येते. पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून स्पीकरकडे पाठवणारं उपकरण, हवा असेल तर सॅडलखालचा बसवा, पण सगळी मापं जुळल्यावरच. वाईट जुळलेल्या गिटारला पिकअप लावलात तर तिचे दोषच मोठ्यानं ऐकू येतील. चांगल्या अखंड लाकडाच्या गिटारच्या कुशीला चौकोनी भोक पाडून प्रीअँप, म्हणजे पिकअपचा आवाज वाढवणारी पेटी, बसवणं मला स्वतःला पटत नाही, आणि मी ते करत नाही. डावखुऱ्यांसाठी नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही. जाड तार सुरात राहावी म्हणून सॅडल तिरकं बसवलेलं असतं. तार उलटली की तो तिरकेपणाही उलटावा लागतो, म्हणजे सॅडलची खाच बुजवून नवी पाडायची. आतल्या पट्ट्या मात्र तशाच राहतात.

या गिटारचं सांगायचं राहिलं. नट आणि सॅडल मिळून तासाभराचं काम निघालं. वडिलांनी ती विकली नाही. आज संध्याकाळी मुलगी घ्यायला येणार आहे, म्हणून ती इथं आणता आली.

ज्यांनी आपापल्या गिटारी आणल्यात त्यांनी आता एकेक करून पुढं या. तारा सैल करू नका, सुरात लावूनच आणा. ताण असतानाच बघायचंय.