धीराचा फोटो कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, कसे आहात? आजचा विषय मी निवडलेला नाहीये, डॅलसकडच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आलाय. त्यांचा मुलगा तिथल्या एका छोट्या ख्रिश्चन शाळेत शिकतो आणि यंदा त्याला शाळांच्या कन्व्हेन्शनमध्ये फोटोग्राफीला नाव द्यायचंय, तर ताई विचारतायत की दादा, कॅमेरा कुठला घेऊ. ताई, कॅमेरा राहू द्या हो. घरात जो बरा फोन असेल तो द्या त्याच्या हातात आणि ते पैसे प्रिंटसाठी ठेवा, का ते सांगतो.

आधी बाकीच्यांसाठी, हे कन्व्हेन्शन काय प्रकरण आहे. 1970 साली टेक्ससमध्ये डोनाल्ड आणि एस्थर हॉवर्ड या नवराबायकोनी ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन नावाचा अभ्यासक्रम सुरू केला, लोक नुसतं ए.सी.ई. म्हणतात, भारतातही काही शाळा आणि घरी शिकवणारे आईबाप तो वापरतात. यात फळ्यासमोर बसून उतरवून घ्यायची भानगड नाही. प्रत्येक पोराचं आपलं टेबल, दोन्ही बाजूंना पार्टिशन, आणि पेस नावाच्या पातळ पुस्तिका ज्या आपापल्या वेगानं सोडवायच्या, अडलं की टेबलावर छोटा झेंडा लावायचा, मग कोणीतरी येऊन बघतं. वर्षभर असं आपापल्या कप्प्यात बसलेली पोरं कन्व्हेन्शनला एकत्र येतात, गाणं, भाषण, नाटक, बुद्धिबळ, धावणं, शिवणकाम, चित्रं, सगळं असतं आणि त्यातच फोटोग्राफी. आधी रीजनल, तिथं वरचा नंबर आला की इंटरनॅशनल, ते अमेरिकेतल्या कुठल्यातरी युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर भरतं.

फोटोत गट असतात, निसर्गदृश्य, झाडंफुलं, प्राणी, स्टिल लाइफ (म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तू) वगैरे, रंगीत वेगळे आणि एकरंगी वेगळे. आता टेक्ससचं पोरगं म्हटल्यावर फुलांच्या गटात काय देणार? ब्लूबॉनेट! 1901 पासून ते त्यांचं राज्यफूल आहे, वसंतात हायवेच्या कडेला निळे गालिचे पसरतात आणि अख्खं टेक्सस गाडी बाजूला लावून त्यात लेकरं बसवून फोटो काढतं. परीक्षकाच्या घरच्या भिंतीवरही एक असणार. काढायचाच असेल तर गालिचा सोडा, एकच तुरा घ्या, जमिनीवर आडवं पडा, सकाळच्या तिरप्या उन्हात मागून उजेड येईल असा. कपडे मळतील, मळू देत.

पण मला विचाराल तर या स्पर्धेतला खरा गट वेगळाच आहे, कॅरेक्टर ट्रेट. म्हणजे एखादा सद्गुण फोटोत दाखवायचा. या अभ्यासक्रमात येशूचे 60 गुण मुलांना शिकवतात, पुस्तिकांमधल्या कार्टूनमधल्या पोरांची आडनावंसुद्धा व्हर्च्युसन, लॉयलटन अशी गुणांवरून आहेत (मला आधी हसू आलं होतं, मग वाटलं चांगलंय की). तर धीर, नम्रता, कष्टाळूपणा यांचा फोटो काढा म्हटलं की सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते जोडलेले हात नाहीतर उघडं बायबल आणि त्यावर खिडकीतून पडलेला उजेड. चुकीचं नाही, पण त्यात कोणी काही करतच नाहीये. गुण दिसतो तो माणूस काहीतरी करत असताना, तेही कॅमेऱ्याकडे लक्ष नसताना.

समजा धीर हा गुण निवडला, धीर म्हणजे इथं सबुरी. घरात आजी आलेली असेल तर तिला सुईत दोरा ओवायला बसवा, म्हणजे खरंच तिचं काही शिवायचं असेल तेव्हा हां, नाटक नको. खिडकी तिच्या बाजूला, मागे गडद पडदा. ती दोऱ्याचं टोक ओलं करते, बोटांनी पीळ देते, नेढ्याजवळ नेते आणि ते चुकतं, परत ओलं करते. तो चुकल्यानंतरचा क्षण घ्या, जमल्यानंतरचा नको, जमल्यावर चेहऱ्यावर आनंद असतो आणि मग गुण बदलला ना! फोनवर सुईवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथं लॉक होतो, फार जवळ जाऊ नका नाहीतर तो लॉक होणारच नाही, आणि चेहरा मागे थोडा धूसर राहिला तर राहू दे.

आता प्रिंट, पोरं मार खातात ती इथं. तिथला नेहमीचा साइज 8 बाय 10 इंच. फोनचा फोटो 4 बाय 3 या प्रमाणात असतो, म्हणजे लांबीकडून थोडा कापला जातो, कॅमेऱ्याचा 3 बाय 2 असेल तर लांबीचा सहावा हिस्सा जातो, आणि लॅबवाला कुठून कापेल ते त्याच्या मर्जीवर, आजीचं कपाळ गेलं तर कोणाला सांगणार? क्रॉप घरीच करून द्या. 8 बाय 10 ला चांगल्या प्रिंटसाठी 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात, साधा 12 मेगापिक्सेलचा फोन ते आरामात देतो, म्हणून म्हटलं कॅमेरा नको. फक्त फोटो व्हॉट्सॲपवरून लॅबला पाठवू नका, तो दाबून बारीक करतो, पेनड्राइव्हवर मूळ फाइल न्या. स्क्रीनवर झगझगीत दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, तर आधी एक छोटी टेस्ट प्रिंट काढा, मग उजळवा. मूळ फाइलला मात्र हात लावू नका, जे काय करायचं ते कॉपीवर, उद्या कोणी विचारलं हा तूच काढलास का तर दाखवायला हवी.

आणि नियमांचं पुस्तक दरवर्षी नवीन निघतं, वरच्या वर्गातल्या पोराचं जुनं मागून आणू नका, प्रिंट चिकटवायचा बोर्ड केवढा, मागे काय लिहायचं, एडिटिंग किती चालतं, सगळं त्यात असतं. बोर्डावर चिकटवलेली प्रिंट गाडीच्या डिकीत ठेवू नका ताई, टेक्ससच्या उन्हात बोर्डाला बाक येतो. सपाट डब्यात, मध्ये कोरा कागद घालून, मागच्या सीटवर.

चला, वेळ संपली, पुढच्या आठवड्यात लग्नाच्या अल्बमवाल्यांशी भाव कसा करायचा त्यावर बोलू, प्रश्न पाठवत राहा.