हजार प्रोसेसर, एकच सीड

पडद्यावर एक चौरस, आत चारही बाजूंना टेकलेलं वर्तुळ. संगणक त्यावर कुठेही ठिपके टाकत सुटलाय. वर्तुळात पडलेले मोजा, चारने गुणा, एकूण ठिपक्यांनी भागा: पायची (π) किंमत हाती येते. पण चूक दहापट कमी करायची, तर ठिपके शंभरपट लागतात. म्हणून काम हजार प्रोसेसरांना वाटून दिलं जातं.

गफलत होते ती इथे. संगणकाचे हे यादृच्छिक आकडे निघतात सूत्रातून. सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तोच असेल तर पुढची सगळी मालिका तीच. अनेक प्रोग्रॅम सीड म्हणून घड्याळातले सेकंद घेतात. हजार प्रोसेसर एकाच सेकंदाला सुरू झाले, की सगळे तेच ठिपके त्याच जागी टाकत बसतात. वीज हजारांची, माहिती एकाची. वर प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगतो, की चूक साधारण 32 पटीने घटली! एरर कुठेच येत नाही.

मग सीड वेगवेगळे द्यावेत? 32 बिटांचे (0-1 च्या 32 अंकांचे) सीड चिठ्ठ्या काढून वाटून दिले, तर सुमारे 77,000 प्रोसेसर झाले की निदान दोघांना एकच सीड मिळण्याची शक्यता निम्म्यावर पोचते.

एकच मालिका सगळ्यांत आळीपाळीने वाटणं निर्धोक वाटतं. पण जुना, सोपा जनरेटर (आकडे काढणारं सूत्र) आधीच्या आकड्याला गुणतो, त्यात काही मिळवतो आणि दोनाच्या एखाद्या घाताने भागून बाकी ठेवतो. त्याची मालिका 64 प्रोसेसरांत अशी वाटली, तर प्रत्येकाच्या आकड्यांचे शेवटचे सहा बिट कधी बदलतच नाहीत.

2011 साली डी. ई. शॉ रिसर्चमधल्या जॉन सॅल्मन आणि सहकाऱ्यांनी ‘फिलॉक्स’ हा जनरेटर मांडला. इथे मागच्या आकड्यावरून पुढचा काढायचाच नाही. एक क्रमांक आणि एक ‘की’ (किल्लीसारखा आकडा) द्यायची; गुणाकार आणि एक्सॉरच्या (दोन आकड्यांचे बिट ताडून पाहण्याच्या क्रियेच्या), नेहमीच्या प्रकारात, दहा फेऱ्या होतात आणि आकडा बाहेर पडतो. कल्पना कूटलेखनातून उचललेली. अब्जावा आकडा हवाय? थेट मागा. लक्षात ठेवायचंही फारसं काही नाही. लोकप्रिय मर्सेन ट्विस्टर या जनरेटरला मात्र 624 आकडे सांभाळावे लागतात, आणि जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) एकाच वेळी चालणाऱ्या हजारो थ्रेडना, म्हणजे कामाच्या धाग्यांना, ते परवडत नाही.

ही ‘की’ प्रोसेसरला न देता सिम्युलेशनमधल्या (संगणकावरच्या आभासी प्रयोगातल्या) प्रत्येक कणाला दिलेली बरी. मग काम आठ प्रोसेसरांवर चालवा की आठ हजारांवर, त्या कणाच्या वाट्याला तेच आकडे येतात. शंका आलीच, तर तेवढाच कण लॅपटॉपवर पुन्हा चालवून बघता येतो.