भाकरी, मसूर आणि प्रथिनांची घडी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बेळगाव-निपाणी भागात ताटात जोंधळ्याची भाकरी आली की मसुराची नाहीतर मटकीची आमटी सोबत असतेच. ही जोडी नुसत्या चवीची नाही. जोंधळ्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते कडधान्यांत भरपूर असतं. कडधान्यांत मेथिओनिन कमी, ती उणीव धान्य भरून काढतं. आपल्या शरीरातली प्रथिनं 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली 9 शरीराला तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळवावी लागतात. लायसिन आणि मेथिओनिन त्या 9 मधलीच.

ही आम्लं एकाला एक जोडली जातात, दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि साखळी लांबत जाते. इन्सुलिनमध्ये ती फक्त 51 आहेत. त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला, त्यासाठी 1958 साली त्यांना नोबेल मिळालं. क्रमाला एवढं महत्त्व का? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, आणि हा बदल आई-वडील दोघांकडूनही मिळाला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एका आम्लापायी माणूस जन्मभर सिकलसेलचं दुखणं सोसतो.

कारण साखळी कशी दुमडायची ते हा क्रमच ठरवतो, आणि प्रथिनाचं काम त्या घडीवर चालतं. आपल्या कातडीत, हाडांत, स्नायूबंधांत कोलॅजेन असतं. ते तीन साखळ्यांच्या पिळाचं आहे, हे 1954 साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडलं. त्यात दर तिसरं आम्ल ग्लायसिन, सगळ्यांत लहान. पिळाच्या आतल्या बाजूला दुसरं कुठलं मावतच नाही! हे काम आपल्या देशात झालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

ही घडी उष्णतेनं मोडते. अंडं उकडताना पांढरं घट्ट होतं ते त्यामुळेच. साखळी मात्र शाबूत राहते, त्यामुळे आम्लं वाया जात नाहीत. उलट घडी उलगडल्यानं पाचकरसांना साखळी तोडणं सोपं जातं. आपल्याकडच्या तालमींत कच्चं अंडं पिण्याची सवय अजून दिसते. पैलवान पोरांनो, उकडलेल्या अंड्यातलं प्रथिन अंगी जास्त लागतं, आणि कच्च्या अंड्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची धास्तीही राहत नाही.