आपले लोक म्हणजे कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावच्या एसटी थांब्यावर एक पानठेला आहे. सकाळी आठच्या गाडीसाठी दहा-बारा जण तिथं जमतात आणि गाडी येईपर्यंत देशाचा निकाल लागलेला असतो. मागल्या आठवड्यात एक गृहस्थ पन्नीतला खर्रा तळहातावर घोटत म्हणाले, "जपानमधी रस्त्यावर कागद दिसत नाही म्हंते. आपले लोकं काही सुधरत नाही, भाऊ." चिमूट दाढेखाली गेली, पन्नी नालीत गेली. कोणी हसलं नाही. मीही नाही, कारण माझ्या पायाशी माझ्याच चहाचा कप पडला होता.

मला नवल वाटलं ते त्या 'आपले'चं. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. हिंदीत दोन्हीला 'हम'च. इतकी चांगली सोय भाषेनं दिली, तरी 'आपले लोक असेच' म्हणताना बोलणारा त्यात नसतो आणि ऐकणाराही नसतो. उरलेला सगळा देश तेवढा असतो.

जपानचाच किस्सा सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारला जपानी माणसाचा स्वभाव समजून घ्यायचा होता. रूथ बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंकडे ते काम आलं. शत्रूच्या देशात जाणार कसं? अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलून, पुस्तकं वाचून, सिनेमे पाहून त्यांनी लिहिलं. 1946 साली पुस्तक निघालं. बाई जपानला कधीच गेल्या नाहीत, पण खुद्द जपानात त्याच्या लाखो प्रती खपल्या. परका आपल्याबद्दल काय म्हणतो हे ऐकायची हौस सगळ्यांनाच असते.

आमच्या वऱ्हाडावरही शिक्के बसलेच. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इकडच्या कापसाचे भाव कडाडले. 1870 साली खामगावपर्यंत आगगाडी आली ती कापसासाठीच. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आमचे आजोबा छाती फुगवून सांगत. आज पेपरात 'विदर्भातील शेतकरी' म्हटलं की पुढचा शब्द कोणता येतो, तो मी इथं उच्चारत नाही. जमीन तीच काळी, घराणी तीच. मग तेव्हा आम्ही कर्तबगार होतो आणि आता करंटे झालो काय? भाव पडला, पाऊस दगा देऊन गेला, सावकाराचं व्याज चढलं, ते सगळं माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर कसं मांडायचं?

पौषातली गोष्ट. एक साहेब कामानिमित्त गावात आले होते, मी सोबत होतो. दुपारचे दोन वाजलेले. शेजारच्या अंगणात घरधनी बाजेवर उन्हात घोरत पडलेला. साहेब हळूच मला म्हणाले, "हेच आपल्या देशाचं दुखणं." त्याची म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे कान तिखट. म्हणाली, "राती बाराले लाईन आली, साहेब. हरभऱ्याले पाणी देल्लं, मंग पाहाटलोक डुकरं हाकलत बसला. झोपू द्या बाप्पा त्याले." साहेब पाणी प्यायले आणि पुढच्या घरी निघाले.

कौतुकाचंही तसंच. खेड्यातली माणसं दिलदार, असं शहरातले पाहुणे म्हणतात. खरं आहे. मयत झाली तर त्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भाकरी-पिठलं येतं. आमच्याच गल्लीत अशी भाकरी नेणारे दोन सख्खे भाऊ वीतभर धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, वीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात भांडताहेत. तारखेला मात्र दोघं एकाच मोटरसायकलवर जातात, पेट्रोल परवडत नाही म्हणून. आता लिहा बरं यांचा स्वभाव एका ओळीत.

लोकांचे दोष सांगावे ते गाडगेबाबांनी. आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात शिरले की आधी हातात खराटा, कीर्तन रात्री. नवसाचं बोकड, कर्ज काढून केलेलं लग्न, दारू, एकेक गोष्ट ते प्रश्न विचारून लोकांच्याच तोंडून वदवून घेत. समोरचे मुकाट ऐकत, कारण त्यांची नाली सकाळी कोणी साफ केली ते त्यांनी पाहिलेलं असे.

काल पुन्हा ते खर्रावाले भेटले. विचारलं, "भाऊ, आपले लोक म्हणजे नेमके कोण?"

घोटता घोटता थांबले. "तुम्ही नाही, गुरुजी."

"मग?"

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, ठेलेवाल्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "नदीपलीकडचे."

तेवढ्यात गाडी आली. नदीपलीकडं माझी सासुरवाडी आहे. तिथल्या पानठेल्यावर आमच्या गावाबद्दल काय बोलतात, ते मी ऐकलेलं आहे.

नमस्कार.